न घेतलेल्या नावाचे गुण

सगुणाबाई रेणुसेंना वेड लागलं नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे झालं ते सगळं त्यांना वेड लागलंय असं धरून झालं, आणि असं धरणाऱ्यांत शिकलेली माणसं जास्त होती. मीही त्यांच्यातलाच एक. वेल्ह्याच्या बाजारात एसटी थांब्याजवळ माझं औषधांचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही, पण इकडे गोळी देणाऱ्यालाच डॉक्टर म्हणतात आणि तेवीस वर्षांत मी ते कधी खोडून काढलेलं नाही. फुकटचा मान कुणाला जड होतो?

सगुणाबाईंची वाडी तोरण्याच्या पायथ्याला. फाट्यावर उतरायचं आणि तासभर चढायचं. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही त्या महिन्यातून एकदा खाली यायच्या, नवऱ्याची रक्तदाबाची गोळी न्यायला. अंगानं काटकुळ्या, दातांना मिश्री, आणि जीभ अशी की रांगेत मधे घुसलेला माणूस आपण होऊन मागे जायचा. डोकं म्हणाल तर तलाठ्याच्या दप्तरापेक्षा चोख. कुणाची म्हैस कधी व्याली, कुणाची सासू कोणत्या साली गेली, वाडीला वीज आली त्या दिवशी कुणाच्या घरी काय शिजलं होतं, सगळं तोंडपाठ. एखाद्याची जन्मतारीख सापडेनाशी झाली की ग्रामसेवक त्याला सांगायचा, "जा, आधी सगुणाबाईंना विचारून ये."

अशा या बाईच्या तोंडून एकच गोष्ट निघत नव्हती. नवऱ्याचं नाव.

आता आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे काही नवल नाही. पण सगुणाबाईंचा नेम जरा जास्तच कडक होता आणि त्याला कारणही होतं. लग्नानंतर तीन-चार वर्षांनी जावेच्या डोहाळजेवणात बायकांनी घेरलं म्हणून त्यांनी उखाण्यात नाव घेतलं होतं, चांगलं खणखणीत. दुसऱ्या दिवशी गवत कापताना नवऱ्याला फुरसं चावलं. माणूस वाचला, पण कितीतरी दिवस हिरड्यांतून रक्त येत होतं. तेव्हापासून उखाणासुद्धा बंद. नवऱ्याचं नाव गेनबा, म्हणजे मुळात ज्ञानबा. त्यामुळे देवळात भजनाला बसल्या की सगळी वाडी 'ज्ञानबा-तुकाराम' म्हणायची आणि या एकट्या 'माऊली-तुकाराम'. कचेरीत कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं की शेजारच्या बाईला कोपरानं ढोसायच्या, "सांग की गं!" आणि ती सांगायची. कारकूनही लिहून घ्यायचा. तालुक्यातल्या साऱ्या कारकुनांना याची सवय आहे.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एकदा दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत त्या बाकावर बसून राहिल्या. मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "डाक्टर, इसरू न्हाई म्हून गोळी असती का वं?"

"तुम्हाला हवीय?"

"मला कशापायी? आमच्या घरच्यांला."

मग त्यांनी सांगितलं. गेनबा एक्याऐंशीचे. एके काळी वाडीत भांडण झालं की त्यांचा शब्द शेवटचा असायचा. आता ते दहा वर्षांपूर्वी विकलेल्या बैलाला पाणी पाजायला निघत होते. संध्याकाळी मुलगा सोमनाथ टेम्पो लावून घरात आला की बायकोला विचारायचे, "ह्यो कोण पावना?" सगुणाबाईंनी हे सगळं पदराआड धरलं होतं. गेनबा ओट्यावर बसायचे आणि त्या दाराच्या आत उभ्या राहायच्या. कुणी येताना दिसलं की आतूनच मोठ्यानं म्हणायच्या, "काय वं कोंडिबा भावजी, आज कसं येनं केलंत?" की बाहेर गेनबा म्हणायचे, "ये कोंडिबा, बस." झाकली मूठ सव्वालाखाची. सोमनाथ पहाटे टेम्पो घेऊन नसरापूरला जायचा, त्याची बायको नूतन दिवसभर शेतात. त्या दोघांनाही पत्ता लागला नव्हता.

मी म्हणालो, अशी गोळी नाही, पुण्याला नेऊन मोठ्या डॉक्टरला दाखवा.

"मंग समद्यांला कळंल," त्या म्हणाल्या. "ज्यानं उभ्या वाडीला शानपन शिकिवलं त्याला लोक हासतील. तुमाला माजी आन हाय, कुनाला बोलायचं न्हाई."

मी शब्द दिला. अख्ख्या पट्ट्यात ही गोष्ट फक्त मला माहीत, याचा मला अभिमानही वाटला. गाढवपणाला सुरुवात अशीच होते.

पुढच्या वर्षी पुण्याहून स्वरूप आला. तिशीचा, हुशार, बोलायला गोड. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत तो कॉम्प्युटरवर काम करायचा आणि त्यांचं काम म्हातारपणाच्या विसरण्यावर औषध शोधायचं. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर कसलं औषध शोधता? त्यानं चहा पिता पिता समजावलं. नवं औषध तयार करायला पंधरा-वीस वर्षं जातात. म्हणून ते जुनीच औषधं शोधतात. विसरण्याच्या रोगात मेंदूत काय काय बिघडतं ते एका बाजूला, आणि बाजारात आधीपासून असलेल्या हजारो गोळ्या शरीरात काय काय करतात ते दुसऱ्या बाजूला, असं सगळं कॉम्प्युटरला द्यायचं. तो जुळवत बसतो. खोकल्याची, रक्तदाबाची, खरजेची गोळी, कोण कुठं उपयोगी पडेल सांगता येत नाही. "घरात जुन्या किल्ल्यांचा जुडगा असतो ना काका, तसं. नवं कुलूप आलं की आधी त्यातली एखादी लागते का बघायचं," तो म्हणाला.

मला ते पटलं. अजूनही पटतं. चूक किल्ल्यांत नव्हती.

कॉम्प्युटरनं वीसेक गोळ्या काढून दिल्या होत्या. आता खऱ्या माणसांवरून पडताळा हवा होता: जी म्हातारी माणसं दुसऱ्याच कारणासाठी ही गोळी वर्षानुवर्षं घेतायत, ती कमी विसरतात का? त्यासाठी कोण कोणती गोळी किती वर्षं घेतोय याच्या नोंदी पाहिजेत, आणि त्या माझ्याकडे होत्या. मी गिऱ्हाइकांची संमती घेत घेत सगळ्या दिल्या. संस्थेनं मला 'स्थानिक समन्वयक' केलं आणि गळ्यात घालायला फोटोचा बिल्ला दिला. तो घालून मी दोनदा उगाचच तहसील कचेरीसमोरून चालत गेलो.

विसरण्याची चाचणी घ्यायला त्यांनी भोरची सारिका नेमली. बी. एस्सी. झालेली, कामाला चोख, कुणाच्या घरचा चहासुद्धा चाचणी संपल्याशिवाय न घेणारी. भोर-वेल्ह्यातल्या अकराशे म्हाताऱ्या माणसांना तिनं मोबाईलवरचे प्रश्न विचारले. तीस गुणांची चाचणी. आज वार कोणता, ऋतू कोणता, तीन शब्द सांगते ते लक्षात ठेवा. आणि मधे एक प्रश्न: तुमच्या पतीचं किंवा पत्नीचं नाव काय? ज्याला हेच आठवत नाही त्याला पुढचं काय आठवणार, असा हिशोब करून ती चाचणी बांधली होती. इथे शून्य पडलं की त्यापुढचे प्रश्न मोबाईल उघडतच नव्हता, सगळ्यांना एकदम शून्य देऊन मोकळा.

सारिकानं पहिल्याच आठवड्यात पुण्याला फोन केला होता, की इकडच्या बायका नाव घेत नाहीत. स्वरूप म्हणाला, "काळजी करू नका. चूक सगळ्यांची सारखीच असली की ती कापली जाते." नियम असा होता की शेजाऱ्यानं सांगितलेलं चालणार नाही आणि उत्तर दिलं नाही तर ते चूक धरायचं.

सगुणाबाईंच्या वाडीला मी तिच्याबरोबर गेलो. आधी गेनबांची चाचणी झाली. ते ओट्यावर, सारिका समोर, आणि सगुणाबाई आत चुलीपाशी. सारिकानं वार विचारला. आतून आवाज आला, "ए मेले कोंबडे, आज बुधवार हाय, आज तरी गप ऱ्हा!" गेनबा म्हणाले, बुधवार. तीन शब्द आठवायची वेळ आली तेव्हा सगुणाबाई आत सुपात धान्य पाखडत गाणं म्हणायला लागल्या आणि त्या गाण्यात नारळ, कोयता आणि पेटी, तिन्ही आले. बायकोचं नाव विचारलं तेव्हा गेनबा जरा थांबले. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. "सगुणा!" ते ओरडले, बहुधा भांडं पडलं म्हणून. सत्तावीस गुण. सारिका मोबाईलात मान घालून बसली होती, तिला वाटलं म्हातारी तोंडाळ आहे. मला सगळं कळत होतं आणि मला हसू आवरत नव्हतं.

मग सगुणाबाईंची पाळी. वार, महिना, ऋतू सगळं धडाधड. मग तो प्रश्न आला.

त्यांनी पदर तोंडाला लावला. सारिकानं पुन्हा विचारलं. सगुणाबाईंनी शेजारी बसलेल्या मला कोपरानं ढोसलं, "सांगा की वं डाक्टर!"

मी गळ्यातला बिल्ला दाखवला. म्हणालो, "आजी, मला बोलायची परवानगी नाही. घ्या की आता नाव, या वयात कसली लाज?" आणि हसलो. पाचच मिनिटांपूर्वी आतून सांगितलेलं सगळं मी चालवून घेतलं होतं, आणि आता मला नियम आठवला.

"उखाण्यात घ्या आजी," सारिका म्हणाली.

"न्हाई घेनार. त्वा काय बी लिव."

तिनं बटण दाबलं. मोबाईल पुढे सरकला तो थेट शेवटाला. तीसपैकी चौदा. संध्याकाळी सोमनाथच्या मोबाईलवर निकाल आला: गेनबा रेणुसे, स्मृती चांगली. सगुणाबाई रेणुसे, स्मृतीमध्ये तीव्र घट. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही.

मोबाईलनं सांगितलं ते घरानं मानलं. नूतन वाईट बाई नाही. तिनं सासूला चुलीपासून उठवलं, कारण अशी माणसं जाळून घेतात असं तिनं ऐकलं होतं. बाजाराला येणं बंद झालं. विळी, काडेपेटी, रॉकेलचा डबा उंच फळीवर गेला. वाडीतल्या बायकांना तर खेळच मिळाला. पाण्याला जाता-येता विचारायच्या, "सगुणाकाकू, सांगा बघू आज वार कंचा?" पहिल्यांदा त्या सांगायच्या. मग चिडायच्या. मग एकदा त्यांनी हातातला तांब्या फेकून मारला, आणि त्या दिवसापासून कुणाला काही शंकाच उरली नाही. शहाण्या माणसाला वेडं ठरवलं की तो ओरडतो, आणि ओरडला की तो वेडा. यातून सुटायला वाट नाही.

शेतात जाताना नूतन दाराला बाहेरून कडी घालायची आणि राखणीला ओट्यावर सासऱ्यांना बसवायची, कारण त्यांना सत्तावीस गुण होते. कडीच्या आतून, खिडकीच्या गजांना धरून, सगुणाबाई त्यांना सांगायच्या की समोरून कोण येतंय, भाकरी कुठं झाकून ठेवलीय, लघवीला कुठं जायचं. कोंडलेली बाई मोकळ्या माणसाचा दिवस चालवत होती.

सहा महिन्यांनी स्वरूप पेढे घेऊन दुकानात आला. वीस गोळ्यांतली एक जिंकली होती. पुरुषांत काही फरक दिसत नव्हता, पण ज्या बायका ती घेत होत्या त्यांचे गुण इतर बायकांपेक्षा कितीतरी जास्त होते. लघवीवाटे पाणी काढून रक्तदाब उतरवणारी जुनी पिवळी गोळी. पन्नास वर्षं लोक खातायत, धोका फारसा नाही. आता कमी गुणांच्या साठ बायकांना ती सहा महिने द्यायची आणि पुन्हा चाचणी घ्यायची. त्या साठांत सगुणाबाई होत्या. कागदावर सही सोमनाथनं केली. ज्याची स्मृती गेलीय त्याची स्वतःची सही धरत नाहीत.

गोळ्या द्यायला मी वाडीवर गेलो. नूतननं कडी काढून मला आत सोडलं आणि ती गोठ्याकडे गेली. सगुणाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. गोळीचं पाकीट हातात घेऊन त्यांनी उलटंसुलटं पाहिलं.

"ही तर ह्यांची गोळी."

"तीच. आता कळलंय की ती विसरण्यावर चालते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या खुर्चीवरून, दुकानातून, सगळीकडूनच उठून जावंसं वाटलं. "डाक्टर," त्या म्हणाल्या, "ह्यांला ही चार वर्सं चालू हाय. त्यांच्या डोस्क्यात काय ऱ्हायलंय? मंग मला कशी लागू व्हईल?"

एका कॉम्प्युटरला, एका संस्थेला आणि एका समन्वयकाला जे सुचलं नाही ते कडीच्या आड बसलेल्या बाईनं एका दमात विचारलं. मी दुसरंच बोललो. "आजी, एकदा नाव घ्या. एकदाच. मी सारिकाला आणतो, परत चाचणी घ्यायला लावतो. गुण वाढले की कडी निघेल, चूल मिळेल, बाजाराला येता येईल. एका शब्दाचा प्रश्न आहे."

"म्या सुटंन," त्या म्हणाल्या. "आन त्ये? निम्मं तर गेल्यातच. राह्यलेलं निम्मं म्या माझ्या तोंडानं घालवू व्हय?"

मी उठलो. वाटेत फाट्यापर्यंत मनात एकच घोकत होतो, की पुण्याला फोन करून सगळं सांगून टाकावं. नाही केला. शपथ मोडायची नाही असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे फोन केला असता तर गेनबांची चाचणी मी कशी होऊ दिली हेही सांगावं लागलं असतं. मी आन पाळली नाही, बिल्ला पाळला.

गोळी एप्रिलमध्ये सुरू झाली. नूतन सकाळी चहाबरोबर ती सासूच्या जिभेवर ठेवायची आणि मग तोंड उघडायला लावून, जीभ वर करायला लावून बघायची. महिन्यानं रक्त तपासायला सगळ्यांना नसरापूरला बोलावलं होतं. त्या दिवशी सोमनाथच्या टेम्पोला भाडं होतं. मी त्याला एकदा आठवण केली, दुसऱ्यांदा केली नाही.

ही गोळी पाण्याबरोबर अंगातलं मीठही काढते. म्हाताऱ्या, बारीक बायकांचं तर जास्तच. त्यात मे महिना, पत्र्याचं घर, बाहेरून कडी. मीठ उतरलं की माणूस आधी मलूल होतो, मग बरळतो. आमच्या पुस्तकात हे लिहिलेलं होतं. मी ते पुस्तक पाठ करून पास झालोय.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सोमनाथचा टेम्पो दुकानासमोर थांबला. मागे गोधडीवर सगुणाबाई, केस सुटलेले, नूतन त्यांचे हात धरून बसलेली. आणि त्या ओरडत होत्या. अख्खा बाजार ऐकत होता.

"गेनबा! ए गेनबा! आरं औत सोड की! गेनबा, जेवाया ये!"

त्या उखाण्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं न घेतलेलं नाव, आणि तेही अरे-तुरे करून, एखाद्या पोराला बोलवावं तसं. थांब्यावरची माणसं हसली. एक जण म्हणाला, म्हातारीला जवानी आठवली. नूतन रडत होती. तिनं सांगितलं की सकाळपासून हेच चाललंय. घरातून उचलून आणताना गेनबा ओट्यावरच होते. त्यांनी बायकोकडे पाहून विचारलं, "कोन बाई हाय ही? कुनाला हाका मारतीया?" नूतनला वाटलं, मामंजी रागावून बोलतायत.

मी पाहताच ओळखलं. गोळी बंद करायला सांगितलं आणि त्यांना भोरच्या दवाखान्यात धाडलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, अंगात मीठ जवळजवळ उरलंच नव्हतं. सलाईन लावलं. मीठ हळूहळूच वाढवावं लागतं, घाई करता येत नाही. सोमनाथ आणि नूतन दोघंही तिथेच थांबले. मीही दुसऱ्या दिवसापासून जाऊन बसलो, कारण दुकानात बसवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगुणाबाईंनी डोळे उघडले. नजर एकदम स्वच्छ. त्यांनी नूतनकडे पाहिलं, सोमनाथकडे पाहिलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "घरी ह्यांच्याजवळ कोन हाय?"

"कोन कशाला पायजे?" सोमनाथ म्हणाला. "बा धडधाकट हायती. साळूबाई भाकर देतीया दुपारची."

सगुणाबाई उठायला लागल्या. हाताची सुई निसटली, रक्त चादरीवर आलं. "आरं त्यांला काय बी कळत न्हाई!" त्या ओरडल्या. "दोन-तीन वर्सं झाली, काय बी कळत न्हाई! पळ! इचार ह्या डाक्टरला, त्याला ठावं हाय!"

सोमनाथनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली; घरी गेनबा एकटे आहेत हे तिथे दोन दिवस बसूनही मला सुचलं नव्हतं. तो धावत खाली गेला.

शेजारच्या साळूबाईनं पहिल्या दिवशी गेनबांना भाकरी दिली होती. दुसऱ्या दिवशी ते दिसले नाहीत, तर तिला वाटलं भोरला गेले असतील बायकोला बघायला. सोमनाथ पोचला त्याच्या तासभर आधी शेरडं राखणाऱ्यांना ते सापडले होते, गडाच्या अंगाला, कोरड्या ओहोळात, तोंडावर पडलेले. हातात दावं होतं. बैलाला आणायला निघाले होते.

सगुणाबाईंना हे मीच सांगितलं, दुसरं कुणी पुढे येईना. त्या रडल्या नाहीत. छताकडे बघत त्यांनी विचारलं, "म्या बरळत हुते म्हनं. काय बरळत हुते?"

नूतननं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "काही नाही, तापातलं बोलणं."

"नाव घेतलं ना म्या?"

नूतननं पदर डोळ्यांना लावला. त्यांना कळायचं ते कळलं. मी कितीतरी वेळ त्यांना समजावत होतो, की नावानं काही होत नसतं, त्यांच्याजवळ सांगणारं कुणी नव्हतं म्हणून ते गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "व्हय. सांगनारी मी. आन मी नव्हते, कारन मी हितं पडून नाव घेत हुते."

सारिका जूनमध्ये माझ्या दुकानात आली आणि बाकावर सगळ्या याद्या पसरून बसली. दोन तासांत तिनं ते शोधून काढलं. भोरजवळच्या तिच्या वस्तीत आणि आजूबाजूच्या बौद्ध वस्त्यांत तिची आजी कमळाबाई तीस वर्षं बायकांना सही शिकवत आली. कमळाबाईंचा नियम होता, की आधी नवऱ्याचं नाव सगळ्यांसमोर मोठ्यानं घ्यायचं, मगच हातात खडू मिळेल. त्या बायका नाव बिनदिक्कत घेतात, म्हणून त्यांना पुढचे प्रश्न मिळाले आणि गुणही जास्त पडले. आणि त्याच वस्त्यांत काही वर्षांपूर्वी एका शिबिरात रक्तदाबाच्या सगळ्या बायकांना पिवळी गोळी सुरू झाली होती. आमच्या डोंगराकडच्या बायका नाव घेत नाहीत आणि गोळी घेतात ती पांढरी, नाहीतर कुठलीच नाही. कॉम्प्युटरनं प्रामाणिकपणे जुळवलं. त्याला कमळाबाईंचा खडू दिसला नाही, गोळी दिसली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, आणि इथे तर दळण मीच आणून दिलं होतं.

तिनं स्वरूपला सगळं लिहून पाठवलं. स्वरूप हादरला, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. त्यानं वरच्यांना कळवलं. वरच्यांनी सांगितलं की गोळी थांबवा, पण नावं नोंदलेल्या प्रत्येकीची शेवटची चाचणी व्हायलाच हवी, प्रश्न मधेच बदलता येत नाहीत, जो काही निष्कर्ष काढायचा तो नंतर काढू. त्या शेवटच्या यादीत गुण सर्वांत जास्त वाढलेली बाई सगुणाबाई निघाली. चौदावरून एकोणतीस.

ती चाचणी ऑक्टोबरात झाली. सारिका एकटी जायला तयार नव्हती, म्हणून मी गेलो. बिल्ला घातला नव्हता. दाराला कडी नव्हती, चूल सगुणाबाईंकडे परत आली होती, पण त्या तिच्यापाशी बसत नव्हत्या. ओट्यावर गेनबा बसायचे त्या जागी बसल्या होत्या. कपाळ मोकळं, हात मोकळे. सारिका समोर बसली आणि मोबाईल हातात तसाच धरून राहिली.

"इचार की," सगुणाबाई म्हणाल्या. "लांबनं आलीस."

वार विचारला, महिना विचारला. सांगितले. मग सारिका थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मोबाईलकडे पाहिलं, आणि तो प्रश्न न विचारता पुढे जाता येतं का हे बघायला ती पडदा वरखाली सरकवत राहिली. जाता येत नव्हतं. इकडच्या विधवा बायकाही नाव घेत नाहीत हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

सगुणाबाईंनी तिला विचारूच दिलं नाही. पदर सारखा केला आणि कचेरीत लिहून द्यावं तसं सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "गेनबा भाऊसाहेब रेणुसे."

सारिकाचं बोट पडद्यावर तसंच राहिलं. तिला रडू फुटलं.

"दाब की गं," सगुणाबाई म्हणाल्या. "आता कुनाचं आयुष्य कमी हुनार हाय?"